शर्यत थांबवायची कोणी?

दरवर्षी जूनच्या दुसऱ्या शुक्रवारी कॅनडातील बांफ या डोंगरी गावातून सायकलस्वारांचा एक मोठा जथा दक्षिणेकडे निघतो. रॉकी पर्वताच्या जलविभाजकाला धरून, बहुतांशी कच्च्या वाटांनी, सुमारे ४,४०० किलोमीटर अंतर कापून मेक्सिकोच्या सीमेवरील अँटिलोप वेल्स हे ठाणे त्यांना गाठावयाचे असते. ‘टूर डिव्हाइड’ या नावाने ओळखली जाणारी ही शर्यत २००८ पासून होत आहे. तिला प्रवेश फी नाही, बक्षीस नाही, वाटेत पाण्याची सोय वा तपासणीची चौकी नाही. ज्याने त्याने आपले अन्न, पांघरूण व हत्यारे सायकलीला बांधून न्यावयाची आणि ज्याचे त्याने निस्तरावयाचे, एवढाच तिचा कायदा. तयारीचे गडीसुद्धा हे अंतर तोडावयास दोन आठवडे घेतात.

२०२२ च्या जूनमध्ये या मंडळींना सुरुवातीलाच थंड पावसाने व हिमाने गाठले. ब्रिटिश कोलंबियाच्या जंगलातील खिंडींमध्ये अनेक स्पर्धक भिजून गारठले आणि त्यांतील काहींना बचाव पथकांनी बाहेर काढावे लागले. ही पथके स्वयंसेवकांची असतात व सुटकेबद्दल पैसे आकारीत नाहीत. ‘माझा जीव, माझी जबाबदारी’ हे ब्रीद निघताना कितीही बाणेदार वाटले तरी त्याचा हिशेब शेवटी कोणा तिऱ्हाइताने अपरात्री घराबाहेर पडून चुकता करावयाचा असतो, हे यावरून दिसून येते. तथापि या शर्यतीच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आपल्याला वाचवावयास कोणीही नेमलेले नाही, हे तेथे प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते आणि त्या जाणिवेनेच तो सामान बांधतो.

थंडीने माणूस दगावतो म्हटले की आपल्याकडे बर्फाचे कडे डोळ्यांपुढे येतात. वास्तविक पारा शून्याच्या बराच वर असतानाही अंगावरचे ओले कपडे आणि वारा एवढ्या दोन गोष्टी त्यास पुरेशा आहेत. शरीराच्या आतील उष्णता ३५ अंशांखाली उतरली की वैद्यकाच्या परिभाषेत हायपोथर्मियाची सुरुवात होते. प्रथम हुडहुडी भरते, बोटे ऐकेनाशी होतात, जीभ जड होते. पुढे ती हुडहुडीही थांबते आणि रोग्याला आता बरे वाटत असावे असा पाहणाऱ्याचा समज होतो. या क्रमातील सर्वांत घातक भाग असा की, विचारशक्ती फार लवकर मंदावते. ज्या मेंदूने ‘आता पुरे’ असा निर्णय द्यावयाचा तोच कामावरून उठलेला असतो.

सायकलस्वाराची अवस्था तर पायी जाणाऱ्यापेक्षाही विचित्र. चढावर तो घामाने आतून भिजतो, पावसाने बाहेरून. माथा ओलांडला की पायांना काम उरत नाही, म्हणजे शरीरातील भट्टी विझते. आणि नेमक्या त्याच क्षणी उताराचा वेग ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरचा वारा अंगावर आणतो. बधिर बोटांनी ब्रेक दाबावयाचे, तेही दगडगोट्यांच्या घसरड्या वाटेवर! त्यात चिकणमातीची भर पडली तर विचारावयास नको. ती चाक आणि फ्रेम यांच्या मधल्या फटीत बसून चाक जाम करते, चेनमध्ये घुसून गिअर मोडते, आणि मातीमिश्रित पाण्याने ब्रेकचे पॅड एरवीच्या कित्येक पट वेगाने झिजतात. मग सायकलीने माणसाला न्यावयाचे ते राहून माणूस तिला खांद्यावर वाहू लागतो. तीन तासांची वाट नऊ तासांची होते, बरोबरचे खाणे संपते, चाल मंदावते आणि चाल मंदावली की अंगाची ऊब आणखी घटते. सामान्यतः अशा शर्यतीत माणूस एखाद्या संकटाने कोसळत नाही. या साखळीने कोसळतो. तिची पहिली कडी पुष्कळदा अगदी क्षुल्लक असते. एखादा हातमोजा मुक्कामी राहून गेलेला असतो, इतकेच.

अशा वेळी न थांबणाऱ्यांच्या कथा लोकांना आवडतात. ५ जून १९८८ रोजी इटलीच्या जिरो शर्यतीत २,६०० मीटरहून उंच असलेल्या गाविया खिंडीत हिमवर्षाव झाला व शर्यत तशीच पुढे गेली. त्या दिवशीच्या कामगिरीवर अँडी हॅम्पस्टनने आघाडी घेतली आणि पुढे जिरो जिंकणारा तो पहिला अमेरिकन ठरला. ती कथा आजही शौर्यकथा म्हणून सांगितली जाते. त्याच्या संघाच्या व्यवस्थापकांनी हवामानाचा रंग ओळखून गावातील दुकानांतून बर्फात घालावयाचे उबदार कपडे व हातमोजे खरेदी केले होते, हा तपशील मात्र कथेत मागे पडतो. उलट, अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्याने माथ्यावर सर्वांत आधी पोहोचलेला योहान व्हान डेर व्हेल्डे उतारावर गारठून थांबला आणि पाऊण तासाहून अधिक मागे पडला. त्याच्या अंगी हिंमत कमी होती असे कोण म्हणेल? कमी होते ते लोकरीचे कपडे.

व्यावसायिक सायकल जगताला हा धडा पचावयास सुमारे पाव शतक लागले. २०१३ च्या मिलान-सान रेमो शर्यतीत हिमामुळे स्पर्धकांना बसमध्ये घालून तुर्किनो खिंडीपलीकडे न्यावे लागले. त्यानंतर स्पर्धकांच्या संघटनेच्या रेट्यामुळे आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने अतिविषम हवामानासाठी कार्यपद्धती ठरविली व ती २०१६ पासून अमलात आली. गोठविणारा पाऊस, साचलेला बर्फ, सोसाट्याचा वारा, धूसर दृष्टी यांपैकी काही संभवत असेल तर संयोजक, डॉक्टर, पंच आणि स्पर्धकांचे प्रतिनिधी यांनी एकत्र बसून निर्णय घ्यावयाचा. त्याच वर्षी मार्चमध्ये पॅरिस-नीस शर्यतीचा एक टप्पा बर्फामुळे मध्येच सोडून देण्यात आला. काहींनी नाके मुरडली. परंतु निर्णय कोणाचा हे आधी ठरलेले असल्यामुळे तो झाला.

तो ठरलेला नसतो तेव्हा काय होते, हे चीनच्या कान्सू प्रांतात २२ मे २०२१ रोजी दिसले. ती शर्यत सायकलींची नव्हती, धावण्याची होती; पण शंभर किलोमीटरचा डोंगरी मार्ग, बिघडलेले हवामान आणि मदतीस न पोहोचणारा रस्ता हे तिन्ही घटक तेच. १७२ जण धावावयास उतरले, २१ मरण पावले. आदल्या रात्री जिल्ह्याच्या हवामान कार्यालयाने सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा दिला होता; सकाळी शर्यत ठरल्याप्रमाणे सुरू झाली. वारा अडविणारे जाकीट बाळगण्याची सक्ती नव्हती, केवळ शिफारस होती. अनेकांनी उबदार कपडे पुढील चौकीकडे रवाना केलेल्या पिशव्यांत ठेवले होते. दुसऱ्या व तिसऱ्या चौकीमधील सुमारे आठ किलोमीटरच्या टप्प्यात हजार मीटरचा चढ होता आणि तेथे वाहन जाऊ शकत नव्हते. गारा, पाऊस व वारा यांनी लोकांना गाठले ते नेमके तेथे. मृतांत लियांग जिंग हा चीनमधील अग्रगण्य धावपटू होता, यावरून कौशल्य अशा वेळी किती उपयोगी पडते ते दिसते. सहा जणांना वाचविले ते झू केमिंग या मेंढपाळाने. वाऱ्यापावसापासून आडोसा घेण्यासाठी तो डोंगरातील एका गुहेत आला होता. तेथे त्याने विस्तव पेटविला आणि त्यांना पांघरुणे दिली. त्याच्याजवळ संयोजकांचा बिल्ला नव्हता.

मेंढपाळाला जे सुचले ते संयोजकांना का सुचले नाही, हा प्रश्न भावनेचा नाही, व्यवस्थेचा आहे. बॅकपॅकात कोट कोंबून निघणारा टूर डिव्हाइडचा एकांडा शिलेदार आणि हलक्या सदऱ्यावर निघालेला कान्सूचा धावपटू यांच्या सावधपणातील फरक स्वभावाचा नव्हे. दुसऱ्याने फी भरली होती, छातीवर क्रमांक लावला होता, चौक्यांचा नकाशा पाहिला होता आणि म्हणून आपली काळजी कोणी तरी घेत आहे असे तो धरून चालला होता. हा विश्वास संयोजकच विकत असतात. तेव्हा तो पाळण्याचे बंधनही त्यांचेच. अर्जाच्या तळाशी ‘मी स्वतःच्या जोखमीवर भाग घेत आहे’ या वाक्याखाली सही घेतल्याने ते फिटते असे मानणे सोयीचे आहे, खरे नव्हे. कारण उष्णता उतरलेल्या माणसाकडून जोखमीचा विचार होऊच शकत नाही. या दुर्घटनेनंतर चीनने डोंगरी व वाळवंटी धावण्याच्या शर्यतींसह धोक्याच्या क्रीडाप्रकारांना स्थगिती दिली. सरकारी यंत्रणेची ही नेहमीची तऱ्हा. आधी डोळेझाक, मागाहून सरसकट बंदी.

महाराष्ट्राला हा विषय परका राहिलेला नाही. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका ओलांडणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत जोडीने पूर्ण केली, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने पुरी केली आणि लांब पल्ल्याच्या सायकलींचा नाद शहरोशहरी पसरला. सह्याद्रीत ऐन पावसाळ्यात सायकलींच्या व धावण्याच्या शर्यती भरतात. कॉलेजातील मुले, बँकेतील कर्मचारी, शिक्षक त्यांत उतरतात, हे चांगलेच आहे. येथे बर्फ नाही. पण घाटमाथ्यावरील जुलैचा वारा, अखंड पाऊस, धुक्यात दहा पावलांपलीकडचे न दिसणे, दरड आणि एका रात्रीत फुगणारे ओढे आहेत. मोबाइलला दरीत आवाज मिळत नाही आणि रुग्णवाहिका डांबरी रस्ता संपतो तेथे उभी राहते.

या शर्यतींच्या जाहिरातींत पदक, टी-शर्ट व नाश्ता यांचा तपशील साधारणतः असतो. फी परत मिळणार नाही, हे ठळकपणे नमूद असते. हवामान खात्याचा नारंगी वा लाल इशारा आल्यास शर्यत कोण थांबवील, किती वाजेपर्यंत ठरवील, अर्ध्या वाटेवरच्यांना निरोप कोणत्या मार्गाने जाईल आणि विंडचीटर जवळ नसलेल्यास निघू दिले जाईल की नाही, या चार ओळी मात्र क्वचितच आढळतात. नोंदणी पावसाच्या कित्येक आठवडे आधी सुरू होते. फी भरण्यापूर्वी त्या मागून घेण्यास तेवढा अवधी पुरेसा आहे.