जमिनीवरचे पिल्लू अनाथ नसते

दरवर्षी चैत्र सरता सरता मोबाइलच्या पडद्यांवर एक ठरावीक दृश्य झळकू लागते. बुटांच्या खोक्यात कापूस, कापसावर बुलबुलाचे किंवा साळुंकीचे पिल्लू, त्याच्या चोचीत ड्रॉपरने सोडलेले दूध, जोडीला हळवे संगीत आणि खाली ‘माणुसकी अजून जिवंत आहे’ अशी ओळ. पाहणारे गहिवरतात आणि दृश्य पुढे पाठवतात. चौकटीबाहेर, जवळच्याच एखाद्या फांदीवर, चोचीत अळी धरून ताटकळणारे त्या पिल्लाचे आईबाप मात्र कोणालाच दिसत नाहीत. या प्रकाराला बचाव म्हणणे आता थांबवले पाहिजे. पुष्कळदा ते अपहरण असते.

शब्द कठोर वाटेल, पण जीवशास्त्राची साक्ष त्याच्याच बाजूने आहे. बुलबुलाचे पिल्लू अंड्यातून बाहेर पडल्यावर साधारण बारा-तेरा दिवसांत घरटे सोडते. तेव्हा त्याच्या अंगावर पिसे असतात, डोळे उघडे असतात, पाय फांदी पकडू शकतात. पण शेपूट आखूड असते आणि उडणे जेमतेम. पुढचे काही दिवस ते झुडपांत आणि जमिनीवर उड्या मारत काढते. आईबाप त्याला शोधून भरवतात आणि हा क्रम घरटे सोडल्यानंतरही बराच काळ चालतो. घरट्यात एकाच जागी ओरडणारी सगळी पिल्ले साप-मांजरांना सहज सापडतात. विखुरलेली पिल्ले सापडणे अवघड. म्हणजे जमिनीवर उतरणे हा अपघात नसून वाढीचा एक टप्पा आहे. नेमक्या त्याच टप्प्यावर माणसाचा दयाळू हात येऊन पडतो.

टिटवीची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिची पिल्ले जन्मानंतर थोड्याच वेळात चालू लागतात. धोका दिसला की आईबाप आकाशात कलकलाट करतात आणि पिल्ले मातीला चिकटून निश्चल होतात. तो निश्चलपणाच त्यांचे कवच असतो. अजाण माणसाला मात्र तेथे आजारी, सोडून दिलेले पिल्लू दिसते. कोकिळेच्या बाबतीत गैरसमज याहून मजेशीर होतो. जमिनीवरच्या काळ्या पिल्लाभोवती घिरट्या घालणाऱ्या कावळ्याला लोक दगड मारून पिटाळतात. तो कावळा त्या कोकीळ-पिल्लाला भरवणारा पालकही असू शकतो.

या अज्ञानाला एका जुन्या समजुतीचे बळ मिळते: माणसाचा हात लागला की पक्षीण पिल्लाला टाकून देते. तिच्या खंडनार्थ ‘पक्ष्यांना वास येतच नाही’ असे ठोकून दिले जाते. तेही चूक आहे. समुद्रावरचे पेट्रेल पक्षी वासाच्या आधाराने अन्न शोधतात. खरे उत्तर साधे आहे. पिल्लू वाढवण्यात आईबापांनी आठवडे आणि अपार श्रम घातलेले असतात. एका स्पर्शाच्या वासापायी ते सोडून देणारी जात निसर्गात टिकणे कठीण. म्हणूनच घरट्यातून पडलेले, पिसे न फुटलेले, पण धडधाकट पिल्लू अलगद उचलून घरट्यात परत ठेवणे हा सर्वोत्तम उपाय असतो. या एका समजुतीमुळे परत जाऊ शकणारी पिल्ले खोक्यात अडकून राहतात.

खोक्यात पुढे काय होते? पक्षी सस्तन नाहीत. दुधातली साखर पचवण्याची सोय त्यांच्या आतड्यात नसते. पिल्लाच्या जिभेच्या मुळाशी श्वासनलिकेचे तोंड उघडे असते, त्यामुळे ड्रॉपरमधला थेंब फुफ्फुसात उतरू शकतो आणि पिल्लू गुदमरते. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना किडे-अळ्या भरवते. घारीच्या पिल्लाला मांस लागते. पारवा तर स्वतःच्या अन्नपिशवीत तयार झालेला दाट द्रव पाजतो. पाव, भात आणि बिस्किट यांपैकी कशाचीच जागा घेऊ शकत नाहीत. शिवाय अन्नाआधी ऊब लागते. शरीर जितके लहान, तितका वस्तुमानाच्या मानाने पृष्ठभाग मोठा आणि उष्णता गमावण्याचा वेग अधिक. उघडेबोडके पिल्लू स्वतःचे तापमान राखू शकत नाही आणि गारठलेल्या पिल्लाला भरवलेले अन्न पचत नाही. दहावीच्या भौतिकशास्त्रात बसणारी ही गोष्ट लाखोंनी पाहिलेल्या चित्रफितींत चुकूनही येत नाही.

समजा, पिल्लू जगले. तरी ते पक्षी म्हणून जगेलच असे नाही. कोन्राड लोरेन्झ यांनी १९३५ साली हंसांच्या पिल्लांवरील निरीक्षणांतून दाखवले, की जन्मानंतर प्रथम दिसणाऱ्या हलत्या जिवाचा ठसा त्यांच्यावर उमटतो आणि ती त्यालाच आई मानतात. इतर अनेक जातींत हा ठसा सावकाश उमटतो, पण उमटतो. जैसलमेर जिल्ह्यातील माळढोक प्रजनन प्रकल्पात रानातून आणलेल्या अंड्यांची पिल्ले माणसांनी वाढवली. जाणकारांच्या देखरेखीखाली वाढलेले हे पक्षीही माणसाला सरावले. म्हणून रानात सोडण्यासाठी आशा त्यांच्या संततीवर ठेवली आहे. जे तज्ज्ञांना टाळता आले नाही, ते बुटांच्या खोक्यात टळेल असे मानणे हा भाबडेपणा आहे.

यावर आक्षेप ठरलेला असतो: मग काय, डोळ्यांदेखत मरू द्यायचे? आक्षेपात तथ्य आहे, कारण शहर म्हणजे रान नव्हे. तेथे मांजरे, भटकी कुत्री आणि वाहने आहेत. पण त्यावरचा इलाज घरी नेणे हा नाही. पंख फुटलेले पिल्लू रस्त्यावर असेल, तर ते जवळच्या झुडपात किंवा खालच्या फांदीवर ठेवावे, पाळीव मांजर घरात कोंडावे आणि दूर जाऊन तास-दोन तास पाहावे. माणूस जवळ उभा असेपर्यंत आईबाप येत नाहीत. घरटे मोडले असेल, तर तळाला भोके पाडलेली टोपली वाळक्या गवतासह त्याच झाडाला बांधता येते. जखम, रक्तस्राव, लोंबता पंख, अंगाला लागलेल्या मुंग्या किंवा मांजराचा दात लागल्याची शंका असेल, तर मात्र क्षणाचाही विलंब नको. मांजराच्या लाळेतले जिवाणू पक्ष्याला लवकर मारतात. अशा पिल्लाला हवा खेळणाऱ्या अंधाऱ्या खोक्यात ठेवावे, गारठले असेल तर कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी द्यावी, मेच्या दुपारी त्याऐवजी सावली द्यावी, तोंडात काहीही घालू नये आणि वन विभागाला किंवा पक्ष्यांच्या पशुवैद्याला कळवावे. छायाचित्राची गरज यात कोठेच नाही.

कायदाही याच दिशेने बोट दाखवतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत संरक्षित वन्य प्राणी पकडणे येते. असा प्राणी ताब्यात आल्यास ४८ तासांत पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडे कळवण्याचे बंधन कलम ३९ मध्ये आहे. त्याच व्याख्येत पक्ष्यांची अंडी फोडणे आणि घरटी विस्कटणे हेही येते. आणि येथे या करुणेचा दुटप्पीपणा उघडा पडतो. २०२२ साली केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणासाठी घरट्यांनी भरलेले झाड पाडले गेले आणि अनेक पिल्ले चिरडून मेली. ते दृश्य देशभर पाहिले गेले, गुन्हा नोंदला गेला, चार दिवस हळहळ झाली. पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे ऐन विणीच्या हंगामात, शहरोशहरी फांद्या छाटण्याची रीत मात्र चालूच आहे. छाटलेल्या फांदीसोबत पडलेले पिल्लू खरोखर माणसाने बेघर केलेले असते. त्याला खोक्यात ठेवणारे हात पुष्कळ असतात. छाटणीपूर्वी घरटी तपासा, असा अर्ज पालिकेत देणारे हात दिसत नाहीत.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ही उणीव भरून काढावी. प्रत्येक महाविद्यालयाच्या विज्ञान मंडळाला विणीच्या हंगामाआधी परिसरातील झाडांवरच्या घरट्यांची नोंद करता येईल आणि ती यादी छाटणी करणाऱ्यांच्या हाती देता येईल. त्याला खर्च येत नाही. फक्त टाळ्या मिळत नाहीत. आणि जमिनीवर एखादे पिल्लू दिसलेच, तर पहिली कृती निरीक्षणाची असावी. दोन तास थांबण्याइतका धीर ज्या करुणेत नाही, ती पिल्लाच्या काही कामाची नाही.