कंठद्वाराचें दर्शन

भाईंदर पश्चिमेस जें सरकारी रुग्णालय आहे, त्यास भारतरत्न पंडित भीमसेन जोशी ह्यांचें नांव दिलेलें आहे. गवयाचें नांव रुग्णालयास कां, असें कोणास वाटल्यास नवल नाहीं. परंतु आजच्या आमच्या विषयाचा पूर्वेतिहास पाहतां हा योग मोठा समर्पक वाटतो. मॅन्युएल गार्सिया नांवाच्या एका स्पॅनिश गायनगुरूनें १८५४ सालीं पॅरिस येथें दंतवैद्याचा चिमुकला आरसा आपल्या घशांत धरला, दुसऱ्या आरशानें त्यावर सूर्यप्रकाश पाडला आणि स्वतःच्याच स्वरतंतूंची उघडझाप पाहिली! पुढील वर्षीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें त्यानें तें निवेदन केलें. स्वराचा शोध घेतां घेतां श्वासाचा दरवाजा दिसला, तो असा.

वैद्यकास ह्या दरवाजाशीं काम पडतें तें निराळ्या कारणानें. मोठ्या शस्त्रक्रियेसाठीं पूर्ण भूल दिली, कीं स्नायु सैल पडतात व रोग्याचा श्वास थांबतो. म्हणून श्वासनलिकेंत नळी घालून यंत्रानें प्राणवायु पुरवावा लागतो. अडचण ही, कीं श्वासनलिका व अन्ननलिका ह्यांचीं तोंडें अगदीं शेजारीं शेजारीं आहेत. नळी चुकून दुसरीकडे गेली आणि तें वेळींच ध्यानांत आलें नाहीं, तर कांहीं मिनिटांत मेंदूस इजा होते.

ग्लासगोच्या विल्यम मॅकइवेन ह्यांनीं १८७८ सालीं ही नळी केवळ बोटांनीं चांचपून घातली होती. पुढें निरनिराळीं पातीं निघालीं. त्यांतील रॉबर्ट मॅकिंटॉश ह्यांचें १९४३ चें बांकदार पातें अद्यापि सर्वत्र वापरांत आहे. परंतु ह्या पात्यानें जीभ उचलून वैद्यास आपला डोळा व कंठद्वार एका रेषेंत आणावीं लागतात, आणि तोंडापासून कंठापर्यंतची वाट तर मुळांतच वळणाची! मान आंखूड, हनुवटी मागें गेलेली, किंवा सुपारी-गुटख्यापायीं तोंड दोन बोटेंही उघडत नाहीं, अशा माणसाच्या बाबतींत ती रेष जुळतां जुळत नाहीं.

व्हिडिओ लॅरिंगोस्कोपनें हीच अडचण बरीच दूर केली. कॅनडांतील शल्यवैद्य जॉन पेसी ह्यांनीं २००१ च्या सुमारास प्रचारांत आणलेल्या यंत्रापासून ह्या साधनांचा प्रसार झाला. पात्याच्या टोंकाशींच बारीकसा कॅमेरा व दिवा असतो. वळणापलीकडचें चित्र पडद्यावर उमटतें, आणि शिकणारा व शिकविणारा दोघेही तें एकाच वेळीं पाहूं शकतात. अमेरिकेंत १,४१७ अत्यवस्थ रोग्यांवर झालेल्या, २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या चाचणींत पहिल्याच प्रयत्नांत नळी बसल्याचें प्रमाण ह्या साधनानें शेंकडा ८५, तर जुन्या पात्यानें शेंकडा ७१ आढळलें. कोविडच्या साथींत, २०२० सालीं, ह्याच भाईंदरच्या रुग्णालयांत कोविडचे रोगी ठेवले जात; त्या काळीं वैद्याचें तोंड रोग्याच्या तोंडापासून दूर राहतें, हाही ह्या साधनाचा मोठा गुण ठिकठिकाणच्या तज्ज्ञांनीं वाखाणला.

तथापि दिसणें निराळें व नळी जाणें निराळें. चित्र उत्तम दिसत असतांही नळी त्या वळणांतून वळत नाहीं, असें घडतें. म्हणून तिच्या आंत वांकविलेली तार घालतात. रक्त वा वांति आल्यास कॅमेऱ्याची कांच आंधळी होते. नळी योग्य जागीं गेली कीं नाहीं ह्याची खात्री उच्छ्वासांतील कार्बन डायऑक्साइड मोजूनच करावी लागते. यंत्र आणलें म्हणजे भूलतज्ज्ञाचा हात शिकलेला नसला तरी चालेल, असें समजणाऱ्यांशीं आमचें जमणार नाहीं.

आतां घरच्या मंडळींकडे वळूं. शल्यवैद्य कोण, ह्याची चौकशी दहा ठिकाणीं होते. भूल कोण देणार, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. भूलतज्ज्ञ भेटावयास येतात तेव्हां आजोबांची कवळी, काकूंचा हलणारा दांत, थोरल्या बंधूंचें रात्रीचें मोठ्यानें घोरणें, ह्यांपैकीं कांहीं लपवूं नये. आणि उपासाविषयीं तर स्पष्टच लिहितों: एकादशीचा उपास व शस्त्रक्रियेपूर्वींचा उपास ह्यांचा कांहींएक संबंध नाहीं. साबुदाणा उपासास चालतो, भुलेस चालत नाहीं. दूध, तसाच दूध घातलेला चहा, हें पेय नसून अन्नच समजावें, आणि हलकें अन्नही सहा तास आधीं बंद व्हावयास पाहिजे. तळलेलें त्याहून अधिक आधीं. निव्वळ पाणी वैद्यांच्या अनुज्ञेनें सामान्यतः दोन तास आधींपर्यंत चालतें. मायेनें चोरून पाजलेला अर्धा कप चहा भुलेंत उलटून फुप्फुसांत उतरतो, आणि मग पडदा कितीही स्वच्छ असला तरी व्यर्थ.

एवढें करूनही कोणाच्या घशांत नळी घालण्यास प्रयास पडले असतील, तर तसें भूलतज्ज्ञांकडून एका चिठ्ठीवर लिहून घ्यावें. कोणतें पातें लागलें, किती प्रयत्न झाले, तेंही. रोग्यास ह्यांतलें कांहींच आठवणार नाहीं. ती चिठ्ठी घरांतील ज्या कपाटांत विम्याचे कागद असतात तेथें ठेवावी, व ती कोठें आहे हें घरांतील एकापेक्षां अधिक माणसांस ठाऊक असावें.