बोअर करण्यापूर्वी

शीर्षक वाचून पान उलटू नका. हा बोअर इंजिनाचा आहे.

गाडी निळा धूर सोडायला लागली, ऑइल खायला लागली की मालकाला ठरलेलं उत्तर मिळतं, "बोअर करून घ्या, नवे पिस्टन टाका." पिंपरी, चिंचवड, भोसरीच्या गाळ्यांमधून हे काम वर्षानुवर्षं चालू आहे. टेल्को इथे १९६६ साली आली. जिथे गाड्या बनतात तिथे इंजिन बांधून देणारे हातही तयार होणारच. माझी तक्रार त्या कारागिरांबद्दल नाही, आपल्याबद्दल आहे. मेकॅनिकलची चार वर्षं काढून आपल्यापैकी किती जण एखादा जुना ब्लॉक बघून सांगू शकतील, की याला बोअर करायचं का नाही? आणि 'नाही' म्हणायचं, तर ते कशाच्या जोरावर?

बोअर करणं म्हणजे झिजलेली आतली भिंत कापून सिलिंडर थोडा मोठा, पण पुन्हा गोल आणि सरळ करणं. मग त्यात ओव्हरसाइज पिस्टन घालायचा. हे पिस्टन साधारणपणे ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० मिमी अशा पायऱ्यांनी येतात, पण प्रत्येक इंजिनाला सगळ्या पायऱ्या मिळतातच असं नाही. इंडिका डिझेलचा बोअर ७५ मिमी आणि स्ट्रोक ७९.५ मिमी, म्हणजे चार सिलिंडर मिळून १४०५ सीसी. या मापाचा बोअर अर्ध्या मिमीनं वाढवला तर हिशोब १४२४ सीसीवर जातो. मेसमध्ये बढाई मारायला हे ठीक आहे, पण भिंतीतलं तेवढं लोखंड कायमचं गेलं. पायऱ्या संपल्या की स्लीव्ह दाबून बसवायची, तेही जमत नसेल तर ब्लॉक भंगारात. पाव मिमीत भागत असताना सवयीनं अर्धा कापला, तर गाडीची पुढची एक दुरुस्ती आजच खर्च झाली. आणि ती गाडी बऱ्याचदा कुणाचं तरी पोट चालवणारी असते.

सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही, इथेच खरी गंमत आहे. सर्वांत जास्त झीज वरच्या बाजूला होते, जिथे पहिली रिंग क्षणभर थांबून मागे फिरते. तिथे वेग शून्य, जळत्या गॅसचा दाब आणि भयंकर उष्णता, त्यामुळे ऑइलची फिल्म टिकत नाही. त्याच्याही वर, जिथे रिंग पोचतच नाही, तिथे न झिजलेली कडा उरते. नख फिरवलं की ती लागते. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरपा होतो तेव्हा पिस्टन बाजूच्या भिंतीवर रेटला जातो, म्हणून बोअर अंडाकृती होतो. यासाठी वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना मापं घ्यायची: एक क्रँकच्या रेषेत, दुसरं तिला काटकोनात. एका सिलिंडरची सहा, चारांची चोवीस. ती कंपनीच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेशेजारी मांडली की पुष्कळदा उत्तर निघतं: हलकं होनिंग आणि नव्या रिंगा, बस्स. उलटही होतं. बोअर पार अंडाकृती झालेला असताना नुसत्या रिंगा घालून गाडी सोडली, तर ती थोड्याच दिवसांत पुन्हा ऑइल खायला लागते.

बोअर गेज नाही, ही सबब मला पटत नाही. एक रिंग घ्या, पिस्टनच्या माथ्यानं ती बोअरमध्ये सरळ ढकला आणि टोकांमधली फट फीलर गेजनं मोजा. आधी तळाशी, मग वरच्या झिजलेल्या जागी. दोन फटींमधला फरक भागिले ३.१४ म्हणजे व्यासातला फरक. फट ०.३१ मिमीनं वाढली असेल तर बोअर तिथे ०.१० मिमीनं मोठा आहे. शाळेतला 'पाय' शेवटी असा कामाला येतो! अंडाकृती किती, हे मात्र यात कळत नाही.

आता पिस्टन. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये तो पिस्टनच होता. 'दट्ट्या' मला इथे रूममेटनं शिकवला, आणि गाळ्यात सगळे 'पिष्टन'च म्हणतात. तर हा दट्ट्या थंड असताना मुद्दाम किंचित अंडाकृती ठेवलेला असतो. गजन पिनच्या बाजूला धातू जास्त, त्यामुळे तापल्यावर तो तिकडे जास्त फुगतो. म्हणून त्याचं माप स्कर्टवर, पिनच्या काटकोनात घ्यायचं. नवा पिस्टन हातात येऊन मोजून होईपर्यंत बोअरला हात लावायचा नाही, कारण लहान इंजिनात दोघांमधली जागा केसाच्या जाडीहूनही कमी ठेवायची असते. जुना पिस्टनही लगेच फेकू नका. त्याच्यावर तिरपे घासल्याचे डाग असतील तर कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो. चारही बाजूंनी ओरखडे असतील तर कूलिंग बघा. मूळ दोष तसाच ठेवून बोअर केलं, तर नवे पिस्टन त्याच वाटेनं जातात.

होनिंगनंतर ब्लॉक साबणाच्या गरम पाण्यानं धुवायचा, पांढरं फडकं आतून फिरवल्यावर पांढरंच निघेपर्यंत. नुसत्या डिझेलनं होनिंगची पूड सुटत नाही, आणि ती पहिल्यांदा नव्या रिंगाच खाते.

"आता सगळं इलेक्ट्रिक होणार, हे कशाला?" असं कुणी म्हणेलच. बदल खरा आहे. बजाजनं आकुर्डीतलं उत्पादन २००७ साली थांबवलं आणि २०२२ साली त्याच आकुर्डीत इलेक्ट्रिक चेतकचा कारखाना सुरू केला. पण आज रस्त्यावर असलेली इंजिनं काही एका रात्रीत भंगारात जाणार नाहीत. शिवाय मापं घेऊन त्यांच्यावर निर्णय घ्यायला मोटरच्या शाफ्टलाही कुणीतरी लागेलच. आपल्या जर्नलमध्ये रीडिंग असतात (बरीचशी सीनिअर्सकडून वारसा हक्कानं आलेली), निर्णय कुठेच नसतो.

म्हणून सरांना विनंती. लाल-हिरव्या रंगाचं कट-सेक्शन इंजिन राहू दे शोभेला. प्रत्येक बॅचला एकेक झिजलेला ब्लॉक भंगारातून आणून द्या. चोवीस रीडिंग आणि खाली एकच ओळ: रिंगा, बोअर, की स्लीव्ह. ओरल त्या एका ओळीवर घ्या. सबमिशनची चाळीस पानं कमी केलीत तरी आमची हरकत नाही. फीलर गेज लॅबच्या कपाटात आहे, किल्ली तेवढी स्टोअरच्या काकांकडून मागून घ्यावी लागेल.