बालकांचें अग्निशिक्षण

दरवर्षीं १४ एप्रिलपासून आपल्या देशांत अग्निशमन सप्ताह पाळला जातो. १९४४ सालीं त्या तारखेस मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजास आग लागली व त्यांतील दारूगोळ्याचे दोन प्रचंड स्फोट झाले. त्या आगीशीं झुंजतांना ६६ बंबवाले कामास आले. त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह असून त्या सुमारास अग्निशमन दलाचे जवान शाळांतून मुलांना धडे देतात. हे धडे घरांतील वडीलधाऱ्यांनींही लक्षपूर्वक ऐकण्यासारखे आहेत.

आग पाहून लहान मूल पुष्कळदां पळत नाहीं, तें लपतें. पलंगाखालीं किंवा कपाटांत शिरून बसतें. आणि धुरांतून मुखवटा घातलेला, घोगरा श्वास घेणारा मनुष्य पुढें आला म्हणजे अधिकच दडतें. म्हणून जाणता जवान वर्गांत प्रथम साध्या वेषांत उभा राहतो व मुलांच्या देखत बूट, अंगरखा, शिरस्त्राण आणि शेवटीं मुखवटा चढवितो. आंत तोच काका आहे अशी खात्री पटली कीं भीति ओसरते. मग पुढील पाठ: धूर वर चढतो, सबब जमिनीलगत रांगत बाहेर पडावें, कपडे पेटल्यास धांवूं नये, तेथेंच थांबून, खालीं पडून, तोंड झांकून लोळावें, बाहेर आल्यावर खेळण्यासाठीं पुन्हा आंत जाऊं नये, १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावें.

अर्थात् यामुळें मोठ्यांची जबाबदारी टळत नाहीं. १६ जुलै २००४ रोजीं तामिळनाडूंतील कुंभकोणम येथें शाळेच्या स्वयंपाकघरांतील आग गवती छपरास लागून ९४ मुलें प्राणांस मुकलीं. तो दोष बालकांच्या अज्ञानाचा खास नव्हता.

आमचीं घरें माणसांनीं भरलेलीं असतात, हें त्यांचें भूषणच. परंतु ऐन प्रसंगीं बाळाला काकूनें घेतलें असेल असें आईस वाटतें, आणि आईनें घेतलें असेल असें काकूस! यास्तव कोणत्या मुलाचा व कोणत्या वृद्धाचा हात कोणीं धरावयाचा, बाहेर कोठें जमून माणसें मोजावयाचीं, हें आधींच ठरलेलें असावें.

शाळेंतून आलेलें मूल सांगतें, “आजी, कढईंतलें तेल पेटलें तर पाणी नको ओतूंस, गॅस बंद कर, झांकण घाल. भाजल्यावर तूप लावूं नकोस. वीस मिनिटें नळाखालीं हात धर.” यावर “फार शहाणपणा नको” असें उत्तर मिळालें कीं जवानाचे श्रम वायां गेले. त्यापेक्षां त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर सर्वांनीं मुलाभोंवतीं बसावें, त्याचा पाठ ऐकावा आणि एकदां दिवे मालवून दारापर्यंत जाऊन पाहावें. आजोबांनीं रांगण्याची आवश्यकता नाहीं. नातवाला मात्र रांगूं द्यावें, आणि बाहेर माणसें मोजण्याचें काम आजोबांनीं आपणांकडे घ्यावें.