यंत्राची घटका

एकच पाककृति दोन घरीं दोन चवींची झाली, तर त्याचें कोणास नवल वाटत नाहीं. पण एकच प्रोग्रॅम दोन संगणकांवर दोन निरनिराळ्या गतींनीं चालूं लागला, कीं जाणताहि बुचकळ्यांत पडतो. वाचकांच्या घरचीं मुलें आतां हीच विद्या शिकत असल्यानें, या कोड्याचा थोडा उलगडा येथें करावा असें आम्हांस वाटतें.

१९८१ सालीं आयबीएम कंपनीनें आपला लहान संगणक विक्रीस काढला. त्याच्या प्रोसेसरचे ठोके सेकंदास सुमारें ४७ लक्ष ७० हजार पडत. त्याच पेटींत एक स्वतंत्र कालमापकहि होता. तो सेकंदास सुमारें १८.२ वेळां, म्हणजे दर ५५ सहस्रांश सेकंदांनीं, खूण करी. परंतु खेळ रचणाऱ्या कित्येकांनीं त्याच्याकडे न पाहतां, अमुक फेऱ्या रिकामी मोजणी केली म्हणजे तमुक वेळ जातो, असा हिशेब धरला. पुढें वेगवान यंत्रें आलीं, मोजणी लवकर संपूं लागली आणि खेळांतील पात्रें वाऱ्यासारखीं धांवत सुटलीं! यंत्राची गति उतरविण्यासाठीं मुद्दाम एक कळ ठेवण्यांत आली. तिचें नांव मात्र 'टर्बो'.

१९९२ सालच्या टर्बो पास्कल ७ मध्यें याहून शहाणी योजना होती. आरंभींच ५५ सहस्रांशांत किती फेऱ्या होतात हें मोजावयाचें, आणि त्यांस ५५ नीं भागून एका सहस्रांशाचें माप ठरवावयाचें. मात्र भागाकारास जागा ६५,५३५ पर्यंतचीच! त्या दशकाच्या उत्तरार्धांत यंत्रें इतकीं चपळ झालीं, कीं भागाकार त्या जागेंत मावेना. वर्षानुवर्षें बिनतक्रार चाललेले प्रोग्रॅम 'शून्यानें भागाकार' अशी तक्रार करून उघडतांच बंद पडूं लागले. वस्तुतः शून्य कोठेंच नव्हतें. न मावणाऱ्या भागाकारासहि प्रोसेसर तीच खूण करतो.

१९९३ च्या पेंटियम प्रोसेसरांत प्रत्येक ठोक्याची नोंद ठेवणारी सोय आली. पण पुढें वीज वांचविण्यासाठीं प्रोसेसरची गति कमी होऊं लागली, तेव्हां ती नोंदहि मंदावे. आणि एकाच यंत्रांतील दोन प्रोसेसरांच्या नोंदी न जुळल्यास काळ मागें गेल्याचा भास होई. अलीकडील प्रोसेसरांत ही नोंद स्थिर गतीनें चालते. तरीहि लिनक्स प्रणाली कित्येक यंत्रांवर तिच्यावर दुसऱ्या घड्याळाचा पहारा ठेवते, व तफावत दिसल्यास तिचा विश्वास धरीत नाहीं.

तेव्हां तरुणांनीं प्रथम एवढेंच विचारावें, कीं हा प्रोग्रॅम वेळ मोजतो तो कशानें? दोन्ही यंत्रांवर तो दहा मिनिटें चालवून भिंतीवरील घड्याळाशीं ताडून पाहावा. फरक यंत्राच्या वेगाच्या प्रमाणांत असेल, तर दोष मोजणीचा. वेळ मधूनच उडी घेत असेल, तर दोन नोंदींच्या बेबनावाचा संशय धरावा.

आमच्या पूर्वजांनीं लग्नघटका मंगलाष्टकांच्या लांबीवर मोजली नाहीं. भटजी घाई करोत वा आळवून म्हणोत, पाण्यांतील घटिकापात्र आपल्या २४ मिनिटांनींच बुडे. काम करणारा निराळा, आणि काळ मोजणारा निराळा, हेंच खरें.