घराचे काम आणि पेढीची शिस्त

पेढीवर पै-पैचा हिशेब लिहून ठेवणारा व्यापारी स्वतःच्या घराची दुरुस्ती मात्र तोंडी बोलीवर सोपवतो. न्हाणीघराची फरशी उखडताच खाली गंजलेला नळ सापडतो, ठेकेदार वाढीव रक्कम मागतो आणि दाखवायला कागद नसतो.

जुन्या घरात असे काही निघायचेच. त्यासाठी वेगळी रक्कम आधीच राखून ठेवावी. वाढीव काम दर लिहून घेतल्यावरच सुरू व्हावे. नवी फरशी बसवण्यापूर्वी ४८ तास पाणी साठवून गळती तपासावी. शेवटचा हप्ता त्यानंतरच द्यावा.

मात्र वाद झाला तरी नीट पूर्ण झालेल्या कामाचे पैसे अडवू नयेत. ठेकेदाराचे पैसे थकले की पहिली मजुरी गवंड्याची बुडते.