अल्पाका नको, त्या बाईंचा हिशोब घ्या

लेकीकडं इंग्लंडला गेलो होतो तेव्हाचे अल्पाकांबरोबर चालतानाचे फोटो इथं टाकले. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "दादा, ही जनावरं मिळतात कुठं? जोडी केवढ्याला?" एकेकाला सांगण्यापेक्षा सगळ्यांना मिळून लिहितो. माझं मत सरळ आहे. अल्पाका आणायच्या भानगडीत पडू नका. पण त्या शेतकरी बाईंनी धंदा कसा बसवलाय, ते नीट बघा.

आधी जनावराचं. अल्पाका उंटाच्या कुळातलं, ५०-८० किलोचं. मूळ पेरू-बोलिव्हियाकडच्या अँडीज डोंगरातलं. तिथं साडेतीन-चार हजार मीटर उंचीवर, थंड हवेत ते वाढलं. अंगावर दाट लोकर. आपल्या माण-खटावच्या उन्हाळ्यात त्याचं काय होईल, ते सांगायला डॉक्टर नको. एकटं राहत नाही, सोबत लागतेच. गाभण काळ साडेअकरा महिन्यांचा आणि पिलू बहुतेक एकच, म्हणजे शेळीसारखी वाढ नाही. परदेशातनं जिवंत जनावर आणायला केंद्राची परवानगी लागते ती वेगळीच. "जोडी आम्ही देतो, पिलं आम्हीच परत घेतो," असं कुणी म्हणालं तर इमू आठवा. २०१२ च्या सुमारास तो बाजार बसला आणि पक्षी शेतकऱ्याच्या गळ्यात राहिले.

आता चालण्याचं. आम्ही दहा जण होतो. माणशी २५ पौंड, म्हणजे आपले अडीच-तीन हजार रुपये. दीड तासाची चाल. निघायच्या आधी बाईंनी दहा मिनिटं नियम सांगितले. डोक्याला हात लावायचा नाही, मानेला चालेल. मागनं जायचं नाही. दोर हाताला गुंडाळायचा नाही. जाताना-येताना हात साबणानं धुवायचे. चालायला सगळे खच्ची केलेले नर. त्यातला एक त्या दिवशी नाराज दिसला, तर त्याला घरीच ठेवला. गिऱ्हाईक आहे म्हणून ओढून आणला नाही. वाटेत गवत कुठलं, कुंपणाची झुडपं कशासाठी, सगळी जनावरं एकाच जागी लेंड्या टाकतात त्याचा खताला फायदा कसा, हे सांगत होत्या. लोक कान देऊन ऐकत होते.

बाईंनी हे हौसेखातर केलेलं नाही. अल्पाकाची लोकर वर्षातनं एकदा कातरायची, चांगली निघते दोन-तीन किलो. त्यावर घर चालत नाही. शिवाय इंग्लंडमध्ये जमिनीच्या क्षेत्रावर मिळणारी सरकारी मदत २०२१ पासून कमी करत २०२७ पर्यंत संपवायची ठरलीय. म्हणून तिथला शेतकरी जोडउत्पन्न शोधतोय. बाईंनी जनावर विकलं नाही. विकली ती रानाची माहिती आणि दीड तासाची शिस्त.

ही माहिती आपल्याकडं कुणाजवळ आहे? दख्खनी मेंढरं राखणाऱ्या धनगराजवळ. पाऊस कधी येईल, कुठला पाला मेंढरू खातं, कुठला खात नाही, हे त्याला पाठ. त्याच्या भरड लोकरीला आज भाव नाही, घोंगडीचं गिऱ्हाईक कमी झालं. दिवाळीनंतर वाडा आपल्या रानात बसतो तेव्हा आपण खतापुरता त्याच्याशी व्यवहार करतो. त्याच वेळी शहरातले आठ-दहा पाहुणे सकाळी त्याच्या मागं दोन किलोमीटर चालले तर?

काही जण म्हणतील, मेंढरं तर रस्त्यावर फुकट दिसतात, पैसे कोण देणार? अहो, इंग्लंडमध्येही कुंपणापलीकडं मेंढरं फुकटच दिसतात. आणि ज्वारी काय कमी दिसते? तरी हुरड्याला लोक पैसे मोजतातच. राज्याचं कृषी पर्यटन धोरणही २०२० पासून आहे. पण बऱ्याच ठिकाणी बैलगाडीत पंधरा माणसं कोंबायची, स्पीकर लावायचा आणि जेवण वाढायचं, इथंच आपली गाडी अडते. बैलाला विश्रांती किती, हे कुणी विचारत नाही.

करायचं असेल तर माझ्या मते चार गोष्टी पक्क्या हव्यात. गट दहाच्या वर नको. विणारी मेंढी आणि लहान कोकरं यांच्याजवळ कुणाला सोडायचं नाही. दुसऱ्याच्या गोठ्यातनं आलेल्या माणसाच्या बुटाला लागून लाळ-खुरकूत येऊ शकतो, म्हणून बूट धुतल्याशिवाय आत घ्यायचं नाही. पीपीआरचं लसीकरण झालेलंच पाहिजे. या पानावर पशुवैद्यक आणि कृषी खात्यातली मंडळी आहेत, त्यांनी यात भर घालावी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पैशाचं. पाहुणे आपल्या रानात आले म्हणून सगळा गल्ला आपला, असं करू नका. वाट दाखवणारा, माहिती सांगणारा धनगर आहे. त्याचा वाटा आधी ठरवा आणि त्याच दिवशी त्याच्या हातात द्या. एवढं जमणार नसेल तर फोटोपुरती मेंढरं उभी करू नका.